वाचकांचे प्रश्न : बर्फ पाहून निवडायचे वॅक्स

गेल्या अंकात क्रॉस-कंट्री स्कीइंगची, म्हणजे सपाट आणि चढउताराच्या बर्फावरून स्कीवर चालत-घसरत जाण्याच्या खेळाची, तोंडओळख करून दिल्यानंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात जवळजवळ घरटी एक जवान आहे, आणि त्या जवानांपैकी कोणी ना कोणी गुलमर्गला किंवा लडाखला असतोच. त्यामुळे बर्फ आपल्याकडे पडत नसला तरी त्याची विचारपूस घराघरांत होते. बहुतेक पत्रांचा रोख ग्लाइड वॅक्सवर, म्हणजे स्की सहज घसरावी म्हणून तिच्या तळाला लावायच्या मेणावर, असल्याने हे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा सैन्यात असून सध्या गुलमर्गला स्कीचा सराव करतो. फोनवर हवेचे तापमान उणे ७ अंश दिसत होते आणि वॅक्सच्या वेष्टनावर उणे ६ ते उणे १२ असा पल्ला छापलेला होता, म्हणून त्याने तेच निळे वॅक्स लावले. तरीही सकाळी स्की पुढे सरकेना. वॅक्स खराब होते, की लावण्यात चूक झाली? — एक वाचक, कोरेगाव

उत्तर : आपल्या मुलाचे वॅक्स बहुधा चांगलेच होते आणि त्याने ते नीट लावलेही असेल. चूक झाली असेल ती तापमान कोणाचे मोजायचे यात. स्की हवेवरून घसरत नाही, ती बर्फाच्या वरच्या थरावरून घसरते, आणि निरभ्र रात्रीनंतर तो थर हवेपेक्षा कितीतरी थंड असू शकतो.

हे समजण्यासाठी काश्मीरला जायला नको, महाबळेश्वर पुरेसे आहे. हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठी, स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि उभ्या गाड्यांच्या टपांवर दव गोठल्याची बातमी दर वर्षी येते, आणि त्याच दिवशी गावातल्या तापमापकाचा आकडा शून्याच्या बराच वर असतो. लोकांना त्यात विसंगती वाटते, पण ती नाही. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. पान आणि टप मात्र उघड्या आकाशाखाली रात्रभर आपली उष्णता बाहेर टाकत राहतात, वारा नसेल तर थंड हवाही सखल भागात साचते, आणि पृष्ठभाग हवेच्याही खाली उतरतो. गुलमर्ग तर सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे वाटीसारखे कुरण आहे. तेथे निरभ्र रात्र गेली असेल, तर हवा उणे ७ असताना बर्फाची कातडी उणे १२ किंवा त्याहूनही खाली असणे मुळीच नवल नाही. म्हणजे आपल्या मुलाचे वॅक्स त्या सकाळच्या बर्फासाठी मऊ पडले.

मऊ पडले म्हणजे नेमके काय झाले, तेही सांगतो, कारण हे एकदा कळले की रंगांचे तक्ते पाठ करावे लागत नाहीत. स्की घसरते तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने तळाखाली पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि त्यावर ती वाहते. शून्याच्या थोडे खाली असताना हा पापुद्रा हवा तेवढा असतो. थंडी वाढली की पाणी कमी पडते आणि बर्फाचे कणही कठीण होतात. कठीण आणि टोकदार कण मऊ मेणात रुतून बसतात. म्हणून कडाक्याच्या थंडीला कठीण वॅक्स लागते. याउलट, बर्फ वितळायला लागला की पाणी जास्त होते आणि दोन ओल्या काचा एकमेकींना धरून ठेवतात तसा बर्फ तळाला धरून ठेवतो. तेव्हा पाणी झटकणारे मऊ वॅक्स कामाला येते. बाजारात सर्वसाधारणपणे हिरवे सर्वांत थंड बर्फासाठी असते, त्यानंतर निळे, जांभळे, लाल, आणि शून्याच्या आसपासच्या ओल्या बर्फासाठी पिवळे. वेष्टनावरचा पल्ला हवेचा आहे की बर्फाचा, हे कंपनीगणिक बदलते. ते आधी वाचावे.

बर्फाचा तापमापक वीतभर लांबीचा मिळतो. तो पृष्ठभागाच्या लगेच खाली जवळजवळ आडवा खुपसावा, ऊन असेल तर अंगाची सावली धरावी आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबावे. आकडा शून्याच्या वर दिसला तर तापमापकावर ऊन पडत आहे असे समजावे, कारण बर्फ शून्याच्या वर जाऊच शकत नाही.

तापमानानंतर बर्फाचे वय पाहावे. नुकत्याच पडलेल्या बर्फाच्या कणांची टोके शाबूत असतात, म्हणून त्याच तापमानाला जुन्या बर्फापेक्षा थोडे कठीण वॅक्स घ्यावे. जुना बर्फ वितळून-गोठून गोल दाण्यांचा होतो. तो पुन्हा गोठून कडक झाला असेल तर मात्र कानशीसारखा तळ घासतो, आणि मऊ वॅक्स दोन-तीन किलोमीटरांत निघून जाते. यंत्राने बनवलेल्या बर्फाचेही तसेच. हवेत दमटपणा जास्त असेल तर निवड किंचित मऊ वॅक्सकडे झुकवावी. माझे स्वतःचे मत असे की दोन वॅक्समध्ये मन अडकले तर थंडीचे, म्हणजे कठीण वॅक्स घ्यावे. त्याने थोडा वेग जाईल, पण स्की अडून बसणार नाही. मार्चमधल्या धुळकट बर्फालाही हीच सावधगिरी लागू पडते, कारण मऊ मेण धूळ धरते.

हा धडा मला फुकट मिळालेला नाही. सैन्यात असताना पहिल्याच हिवाळ्यात संघाच्या सहा जोड्यांना मी रात्री हवामानाच्या अंदाजातला आकडा पाहून वॅक्स लावले. पहाटे त्या स्की नव्या कोरड्या बर्फात जणू वाळूतून ओढाव्यात तशा चालल्या, आणि ज्यांनी वर्षभर घाम गाळला त्यांचा दिवस माझ्यामुळे गेला. त्या दिवसापासून मी पहाटे मार्गावर तीन ठिकाणी, झाडांच्या सावलीत, उघड्या मैदानात आणि सर्वांत सखल जागी, बर्फ मोजल्याशिवाय वॅक्सच्या डब्याला हात लावला नाही. आपल्या मुलालाही हेच सांगावे.

प्रश्न : मी सांगलीत शिकतो. जानेवारीत आमचा गट काश्मीरला जाणार असून मी जुन्या क्लासिक स्की विकत घेतल्या आहेत. ग्लाइड वॅक्स संपूर्ण तळाला लावायचे का? घरची इस्त्री चालेल का? पद्धत सविस्तर सांगावी. — एक विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : संपूर्ण तळाला लावू नका. स्केटिंगच्या पद्धतीत, म्हणजे फ्रीस्टाइल शर्यतीत, तळाला सर्वत्र ग्लाइड वॅक्सच लागते; २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आपले जगदीश सिंह १५ किलोमीटरच्या ज्या शर्यतीत उतरले होते ती फ्रीस्टाइलच होती. क्लासिक स्कीला, म्हणजे दोन्ही पाय समांतर ठेवून आळीपाळीने पुढे टाकायच्या पद्धतीच्या स्कीला, मात्र पायाखालचा भाग बर्फाला धरून ढकलण्यासाठी असतो. तेथे पकड देणारे किक वॅक्स लागते, आणि ग्लाइड वॅक्स फक्त पुढच्या व मागच्या भागाला. पायाखालच्या भागात माशाच्या खवल्यांसारखे खाचे किंवा केसाळ पट्टी असेल तर त्यावरही गरम वॅक्स पडू देऊ नका.

हा मधला भाग कोठून कोठपर्यंत आहे, ते आपल्या वजनावर अवलंबून असते. सपाट फरशीवर दोन्ही स्की ठेवून त्यांवर समान भार देऊन उभे राहा आणि मित्राला एका स्कीखालून पोस्टकार्डाएवढा कागद पुढे-मागे सरकवायला सांगा. कागद जेथे अडतो तेथे दोन्ही बाजूंना खूण करा. खुणांच्या आतला भाग किक वॅक्सचा, बाहेरचा ग्लाइड वॅक्सचा. आधीच्या मालकाच्या वजनाने केलेल्या खुणा तळावर असतील तर त्यांवर विसंबू नका.

घरच्या इस्त्रीला माझा विरोध आहे. तिचे तापमान वीस-पंचवीस अंशांनी सहज वरखाली होते, पत्रा पातळ असतो आणि वाफेच्या भोकांत मेण भरते. वॅक्सच्या इस्त्रीचा तळ जाड असतो, म्हणून उष्णता स्थिर राहते. स्कीचा तळ पॉलिथिलीनचा, आणि ते सुमारे १३५ अंशांना वितळते. मऊ वॅक्सला ११० ते १२० अंश पुरतात, पण थंडीच्या कठीण वॅक्सला इस्त्री १४० ते १५५ अंशांपर्यंत न्यावी लागते, म्हणजे तळाच्या वितळबिंदूच्याही वर. तळ वाचतो तो केवळ इस्त्री एका जागी न थांबल्यामुळे आणि मध्ये वितळलेल्या मेणाचा थर असल्यामुळे. मेणातून धूर निघाला तर इस्त्री जास्त तापली आहे. तो धूर छातीत घेऊ नये. खिडकी उघडी ठेवावी.

आपल्या स्की जुन्या आहेत, म्हणून आधी तळ साफ करा. पितळी किंवा ब्राँझच्या ब्रशने पुढच्या टोकाकडून मागे घासा, मऊ वॅक्स वितळवून लावा आणि ते गरम असतानाच स्क्रेपरने ओढून काढा. निघालेले मेण काळपट-करडे दिसेल. ती तळाच्या आत बसलेली घाण आहे. मेण स्वच्छ निघेपर्यंत हे दोन-तीनदा करावे लागते. तळ पांढुरका आणि कोरडा पडलेला असेल तर त्याने अनेक दिवस मेण पाहिलेले नाही असे समजा. तशा तळाला मऊ वॅक्सचे पाच-सहा हात देऊन, दर वेळी थंड करून खरवडून, मगच बर्फाला साजेसे वॅक्स लावा.

आता मुख्य काम. वॅक्सची वडी इस्त्रीला टेकवून मधल्या खोबणीच्या दोन्ही बाजूंना थेंबांची ओळ सोडत जा. मग इस्त्री पुढच्या टोकाकडून मागे, न थांबता, एका संथ चालीने न्या. इस्त्रीमागे पाच ते आठ सेंटिमीटर मेण कढवलेल्या तुपासारखे ओले चमकत राहावे आणि त्यामागे तूप थिजावे तसे ते मंद होत जावे. ओला पट्टा हातभर लांब झाला तर चाल वाढवा, दिसलाच नाही तर कमी करा. स्कीच्या वरच्या बाजूला हात लावून पाहा. ती कोमट लागली की थांबा.

त्यानंतर स्की खोलीतच किमान पंधरा-वीस मिनिटे निवू द्या. गडबडीने बाहेर बर्फात ठेवली तर तळ आक्रसतो आणि आत शिरलेले मेण बाहेर येते. निवल्यावर आधी खोबणीतले मेण गोल टोकाच्या कांडीने काढा, कारण उलट क्रमाने केले आणि कांडी निसटली तर साफ झालेल्या तळावर ओरखडा उठतो. मग ॲक्रिलिकचा धारदार स्क्रेपर, पुन्हा पुढून मागेच. मेण पातळ पांढऱ्या सालींसारखे निघत जाईल. हिरव्यासारखे कठीण वॅक्स पूर्ण निवल्यावर ठिसूळ होऊन कपचे उडतात, म्हणून ते किंचित कोमट असतानाच खरवडावे.

येथे नवशिक्याचा हात थांबतो. इतक्या कष्टाने लावलेले मेण सगळे काढून टाकायचे, हे मनाला पटत नाही. पण काम करणारे मेण तळाच्या आत मुरलेले असते. वर राहिलेला थर स्कीला फक्त अडवतो. म्हणून शेवटी ब्राँझ, घोड्याच्या केसांचा आणि नायलॉनचा ब्रश या क्रमाने, पांढरी भुकटी उडायची थांबेपर्यंत घासा. थंडीच्या वॅक्सला हे काम दुप्पट लागते, आणि तेथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

ओल्या बर्फात एक गोष्ट वॅक्सइतकीच महत्त्वाची असते, ती म्हणजे तळावर कोरलेल्या बारीक रेघा. पाणी जास्त तेथे रेघा रुंद आणि खोल हव्यात, कोरड्या थंडीत अगदी बारीक. पहिल्या वर्षी आपण त्यात पडू नका.

प्रश्न : मेणबत्तीचे मेण किंवा खोबरेल तेल चालेल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : मेणबत्ती आणि ग्लाइड वॅक्स यांचे मूळ एकच, पॅराफिन. पण ग्लाइड वॅक्समध्ये वेगवेगळ्या कठीणपणाची मेणे मोजून मिसळलेली असतात. मेणबत्तीचा कठीणपणा आपल्या हाती नसतो, आणि कडाक्याच्या थंडीला ती मऊच पडते. अडचणीच्या वेळी, उघड्या पडलेल्या तळाला काहीच नसण्यापेक्षा ती बरी, एवढेच म्हणेन. खोबरेल तेल लावू नये; ते तळात धरून राहत नाही आणि धूळ गोळा करते.

प्रश्न : ओळखीच्या एका खेळाडूकडून फ्लोरिनयुक्त जुने वॅक्स स्वस्तात मिळत आहे. ते ओल्या बर्फात फार वेगवान असते असे ऐकतो. घ्यावे का? — एक वाचक, कराड

उत्तर : वेगाबद्दल आपण ऐकले ते खरे आहे, तरीही घेऊ नये. ही रसायने निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. वितळलेल्या बर्फाबरोबर ती माती-पाण्यात जातात, आणि गरम करताना निघणारा धूर वॅक्स लावणाऱ्याच्या शरीरात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बंदी जाहीर केली आणि २०२३-२४ च्या हंगामापासून ती पूर्णपणे अमलात आली. शर्यतीच्या ठिकाणी इन्फ्रारेड किरणांच्या यंत्राने स्कीचा तळ तपासतात. जुन्या ब्रशमधून लागलेला अंशही तेथे अडचणीत आणू शकतो, म्हणून त्या खेळाडूचे ब्रशही घेऊ नका.

प्रश्न : हंगाम संपल्यावर स्की साताऱ्यात ठेवायच्या आहेत. उन्हाळा आणि पावसाळा त्यांना बाधेल का? — एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवल्या तर बाधेल, तेथे मेमध्ये मेण पाझरते आणि स्कीमधला चिकट जोडही सैल होऊ शकतो. तळ साफ करून मऊ वॅक्सचा जाड थर द्या आणि तो न खरवडता तसाच राहू द्या, म्हणजे हवेने तळ कोरडा पडणार नाही. किक वॅक्स मात्र पूर्ण काढून टाका, नाहीतर ते उन्हाळ्यात वाहून सगळीकडे लागेल. क्रॉस-कंट्री स्कीला बहुधा पोलादी कडा नसतात, त्यामुळे गंजाची चिंता फक्त बुटाच्या बांधणीतल्या खिळी-स्प्रिंगांची. त्या पुसून कोरड्या करा. घरातल्या थंड खोलीत, ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर, आडव्या आणि एकमेकींना घट्ट न बांधता ठेवा. डिसेंबरमध्ये निघण्याआधी तो थर येथेच खरवडा. त्याबरोबर आठ महिन्यांची धूळही निघून जाईल आणि तेथे पोहोचल्यावर फक्त बर्फ मोजायचा उरेल.