पुण्यात आमच्या सोसायटीजवळच्या महापालिकेच्या बागेत आम्ही रहिवासी झाडं लावणार आहोत, दर रविवारी स्वच्छताही करणार आहोत. कोणती झाडं लावावीत? परवानगी लागते का?

परवानगी लागते. बाग महापालिकेची आहे, तेव्हा उद्यान विभागाला लेखी पत्र द्या, पोच घेतलेली प्रत जपून ठेवा आणि बागेतल्या माळ्यांना विचारल्याशिवाय एकही खड्डा घेऊ नका. पाण्याची लाइन कुठून गेलीय हे त्यांना पाठ असतं. झाडांचंही सांगते, पण तुमच्या प्रश्नातलं ते 'दर रविवारी स्वच्छता' वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी सहकारनगरला राहते. २०१८ च्या जुलैत आम्ही नऊ-दहा जणांनी इथल्या एका बागेच्या मागच्या कोपऱ्यात ४० रोपं लावली. बहावा, ताम्हण, करंज, कांचन, पळस, कडुनिंब. जमीन म्हणजे नुसता भराव: मुरूम, विटांचे तुकडे, मध्येच सिमेंटचं पोतं. दोन-दोन फुटांचे खड्डे घेताना पहार वाकली. ३१ रोपं मोकळ्यावर आली आणि ९ कुंपणाला लागून, बोगनवेलीच्या मागे.

पाऊस होता तोवर सगळे खूश. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेले आठ महिने तुमच्या हातात. ४० रोपांना दहा-दहा लिटर म्हणजे एका वेळेला ४० बादल्या, आठवड्यातून दोनदा. जानेवारीपर्यंत आम्ही चौघंच उरलो. मग मी बागेतलाच पालापाचोळा गोळा करून प्रत्येक आळ्यात वीतभर जाड पसरला. पंधरा दिवसांनी पाचोळा बाजूला करून बोट घातलं, तर दोन पेरं आत माती गार लागली. एका आळ्यात तर गांडूळ निघालं, त्या भरावात! पाणी आठवड्यातून एकदा पुरायला लागलं.

मार्चमध्ये मी लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेले. एप्रिलच्या शेवटी परत आले, दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले आणि तिथेच बसले. आळी घासून काढल्यासारखी स्वच्छ. माती पांढरी पडून तडकलेली, पाणी ओतलं तर आत मुरायच्या ऐवजी कडेने वाहून जात होतं. ताम्हणाची काडी नखाने खरवडली, आत हिरवं काही नाही. ३१ पैकी १४ रोपं गेली होती. आमच्या गटातल्या एका काकांनी स्वच्छता मोहीम काढली होती. खराटे आणले, पाचोळ्याची २२ पोती भरली, फोटो काढले. 'बाग कशी लख्ख दिसली पाहिजे, पाचोळ्याने वाळवी लागते, साप येतात,' हे त्यांचं म्हणणं. काका वाईट नाहीत, खड्डे खणताना सगळ्यात जास्त घाम त्यांनीच गाळला होता. पण पाचोळा म्हणजे कचरा हे डोक्यात पक्कं बसलेलं, ते काही केल्या निघेना.

म्हणून सांगते, झाडं कोणती हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तुमच्या गटात खराटा कुणाच्या हातात आहे? प्लास्टिक उचला, बाटल्या उचला, काचा उचला. पाचोळ्याला हात लावू नका. वाटेवरचा झाडून आळ्यात टाका. जाळायचा तर विचारही नको, २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. जास्तच झाला तर आपल्याच पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पाचोळा आहे आणि ज्यांना बागेसाठी हवा आहे त्यांची ते गाठ घालून देतात. लोक पोती मागून नेतात, आणि आपण ती कचऱ्याच्या गाडीत टाकतो.

आता झाडं. वर लिहिलेली सगळी चालतात, जागा मोठी असेल तर एखादा वड किंवा उंबर लावा, पक्षी आपोआप येतील. कोनोकार्पस कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. झटपट हिरवं होतं म्हणून सगळीकडे लावत सुटले आणि गुजरातने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. गुलमोहर खेळण्यांजवळ नको, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. रोप चार-पाच फुटांचं घ्या, बांबूचा आधार द्या, सुतळी सैल बांधा. पुढे मोठी फांदी छाटायची वेळ आली तर वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय कोयता लावू नका, १९७५ चा कायदा आहे.

पाचोळा बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर पावसाळ्यात साल कुजते. आणि जमिनीत आधीच वाळवी असेल तर काकांचं थोडं खरं आहे, कोवळ्या रोपाला ती लागू शकते. अशा ठिकाणी खड्ड्यात निंबोळी पेंड घाला आणि पाचोळ्याचा थर पातळ ठेवा. लहान मुलं खेळतात तिथेही थर नको. हे काकांना मी तेव्हाच सांगायला हवं होतं, त्या दिवशी मी फक्त भांडले.

काका अजून म्हणतात की ती रोपं त्या वर्षीच्या उन्हाने गेली. ऊन बोगनवेलीमागच्या नऊ रोपांनाही होतंच, दुपारचं सगळं ऊन तिकडूनच येतं. पाणी घालणारे हातही तेच होते. काट्यांमुळे तिथे खराटा पोचला नाही एवढाच फरक. ती नऊच्या नऊ जगली, आणि त्यातला बहावा आता दर मे महिन्यात कुंपणाबाहेर पिवळाधमक लोंबतो.