बुडबुडे नेमके कोणाचे?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात हायड्रोजनेज या (जीवाणूंमध्ये हायड्रोजन तयार करणाऱ्या) एन्झाइमच्या धर्तीवरचं निकेलचं संयुग वापरून आम्लधर्मी पाण्यातून हायड्रोजन काढतो आहोत. ऋणाग्र ग्लासी कार्बनचा, धनाग्र प्लॅटिनमच्या तारेचा. तासागणिक प्रवाह वाढतोय. उत्प्रेरक सुधारतोय का?

उत्तर : पहिला संशय तारेवर घ्या. धनाग्रावरचं प्लॅटिनम आम्लात किंचित विरघळतं आणि ऋणाग्रावर जाऊन बसतं. हायड्रोजन काढण्यात धातूंमध्ये प्लॅटिनमइतकं तरबेज कोणीच नाही. श्रेय मात्र तुमच्या संयुगाला जातं! तारेऐवजी ग्रॅफाइटची कांडी लावा, दोन कप्प्यांमध्ये नॅफिऑनचा (प्रोटॉन जाऊ देणारा) पडदा घाला.

तरीही प्रवाह वाढला, तर संयुग मोडून निकेलचा थर चढत असेल. व्होल्टेज चालू असतानाच ऋणाग्र बाहेर काढा (बंद केल्यावर थर पुन्हा विरघळू शकतो), ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, पॉलिश न करता संयुगाविना ताज्या द्रावणात तेच व्होल्टेज द्या. प्रवाह टिकला, तर काम थराचं. पुढच्या प्रयोगाआधी ०.०५ मायक्रॉनच्या ॲल्युमिनाने घासून घ्या.

वायू मोजल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका. १ मिलिअँपिअर प्रवाह तासभर म्हणजे ३.६ कूलोम; त्यातून १८.७ मायक्रोमोल, म्हणजे २५ अंशांना सुमारे ०.४६ मिलिलिटर हायड्रोजन मिळायला हवा. कमी भरला तर गळती तपासा. नाहीतर इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनने किंवा संयुगानेच खाल्ले. म्हणून आधी अर्धा तास आरगॉन सोडा. वायू वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला उष्णतावाहकता डिटेक्टर असेल तर वाहक वायू हीलियम नको, आरगॉन घ्या. हीलियम आणि हायड्रोजनची उष्णतावाहकता इतकी जवळची की शिखर जेमतेम दिसतं.

प्रश्न : सेकंदाला लाखावर हायड्रोजन रेणू देणारा निकेल उत्प्रेरक २०११ मध्येच निघाला. मग अजून प्लॅटिनम का?

उत्तर : अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेचा तो १,०६,००० चा आकडा खरा, पण पाण्यातला नव्हे, ॲसिटोनायट्राइल या सेंद्रिय द्रावकातला. त्यात आम्ल आणि थोडं पाणी घातलेलं होतं. आकडा व्होल्टॅमेट्रीतल्या (व्होल्टेज बदलत प्रवाह मोजण्याच्या पद्धतीतल्या) प्रवाहांच्या गुणोत्तरावरून काढलेला. एन्झाइमकडून घेतलेली युक्ती सुरेख : धातूशेजारी नायट्रोजनचा गट ठेवला, की तो प्रोटॉन धरून धातूच्या हाती देतो. पण या वेगासाठी किमान लागणाऱ्या व्होल्टेजपेक्षा सुमारे ६२५ मिलिव्होल्ट जादा मोजावे लागले. एन्झाइमला जवळपास काहीच लागत नाही.

शिवाय सगळीकडे प्लॅटिनम नसतंच. अल्कधर्मी इलेक्ट्रोलायझरमध्ये निकेल धातूच चालतो. पडद्याच्या आम्लधर्मी यंत्रात तो विरघळतो, म्हणून प्लॅटिनम. आणि तिथली मोठी अडचण ऋणाग्रावर नाही, धनाग्रावरच्या इरिडियमची आहे. तिथे ऑक्सिजन निघतो, म्हणून त्यावर हायड्रोजनेजची नक्कल उपयोगाची नाही.