उधळ्या पुत्राचा दाखला आधी वाच

बाळा, प्रार्थना नीट जमत नाही म्हणून स्वतःला खात बसू नकोस. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय काढ आणि उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा, सावकाश वाच. बापाचा पैसा उधळून बसलेला मुलगा माफीचे शब्द मनात जुळवून घरी निघतो. पण तो दूर असतानाच बाप त्याला पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो. मुलगा बोलतो ते नंतर! देवाची प्रीती अशी आधी पोचते.

पश्चात्ताप म्हणजे नुसतं रडणं नव्हे. मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणं. लूकच्याच 19 व्या अध्यायातला जकातदार जक्कय बघ, लुबाडलेलं चौपट परत करायला तयार झाला. माझा इथे इंदूरलाच धाकट्या जावेशी सात वर्षं अबोला होता. एकही उपासना चुकवली नाही मी, पण तिच्या दाराशी पाय वळत नव्हते. शेवटी एका रविवारी उपासनेनंतर राजवाड्याजवळून पाव किलो जिलबी घेतली अन् गेले. हात पाकानं चिकट, तोंडातून शब्द फुटेना. तिनंच पाणी आणून दिलं.

विश्वास मोहरीच्या दाण्याएवढा असला तरी पुरे, हे येशूचंच म्हणणं. शंका आल्या तर चर्चच्या पाळकांना विचार, लपवू नकोस. आणि या रविवारी माझ्याशेजारी बस. गीतांचं पुस्तक दोघी मिळून धरू.