गीझरमागचा कोळी

मेघना (नाव आणि काही तपशील बदललेत) माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या पर्समध्ये पेस्ट कंट्रोलची वर्षातली पाचवी पावती होती. ठाण्यात उपवन तलावाजवळ तळमजल्यावर घर, मागे चार कुंड्या मावतील एवढं अंगण, त्यापलीकडे येऊरचा डोंगर. "मॅडम, फवारणी झाली की आठ दिवस बरे जातात. मग पुन्हा एखादा कोळी दिसतो. बाथरूममध्ये जाताना मी हातात चप्पल घेऊन जाते. माझं एक वेळ जाऊ दे, पण माझी सहा वर्षांची मुलगी आता एकटी बाथरूमला जात नाही. काय करू?"

पावसाळा लागला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. येणाऱ्या बाईला घरी बहुधा हसण्यावारी नेलेलं असतं. "एवढ्याशा जिवाला काय घाबरायचं" हे नवऱ्याकडून ऐकून ऐकून मेघना भीती लपवायला शिकली होती. मुलीला मात्र ती बरोबर कळली. आईचं अंग कुठे आक्रसतं, हे मूल बघत असतं.

मी विचारलं, "कोळी जवळ आला तर नेमकं काय होईल असं वाटतं?"

"अंगावर मुतेल. चट्टे उठतील. सासूबाईंना उठले होते."

हा समज आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तो मला फार खटकतो. कोळी अंगावर मुतल्याने चट्टे उठत नाहीत. पावसाळ्यात दिव्याभोवती एक बारीक, नारिंगी-काळा, लांबुळका किडा येतो. तो अंगावर चिरडला की कातडी भाजल्यासारखी होते. आणि शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे, आग होणारे फोड आले तर ती नागीण असू शकते. नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू अंगात पुन्हा जागा होणं. तिचं औषध 72 तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोग होतो. कोळ्यावर खापर फोडून लोक लेप लावत बसतात आणि तेच दिवस हातचे जातात.

भीतीचं गणित मी तिला कागदावर काढून दाखवलं. कोळी दिसला, पळालो, हायसं वाटलं. मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर पळायला सांगतो. 1924 मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणत गेले आणि शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. आम्हीही तसंच पायरीपायरीने जायचं ठरवलं.

आधी चित्र, मग फोटो. फोटोला तिने भीतीचे दहापैकी सात गुण दिले. तिसऱ्या भेटीत माझ्या खोलीच्या कोपऱ्यातला काटकुळ्या, लांब पायांचा कोळी. तो मी मुद्दाम ठेवला होता. जाळ्याला पेन्सिलीचं टोक लावलं तसा तो एवढ्या वेगाने हलायला लागला की नुसता धूसर ठिपका दिसू लागला! मेघना दोन पावलं मागे गेली, आणि मग म्हणाली, "अंगात आल्यासारखा घुमतोय की हा." दहा मिनिटांनी ती स्वतः पेन्सिल मागून घेत होती.

घरी खिडकीतला उडी मारणारा छोटा कोळी मुलीने शोधला. तो जाळं विणून बसत नाही. माशी दिसली की मांजरासारखा दबकत जातो, उडीआधी रेशमाचा धागा खाली चिकटवतो आणि झेप घेतो. आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन टपोरे. मायलेकी तासभर त्याच्याकडे बघत बसल्या.

खरी भीती होती ती गीझरमागच्या, तळहाताएवढ्या, चपट्या तपकिरी कोळ्याची. तो जाळं करत नाही, रात्री झुरळं मारतो. मी तिच्याशी खोटं बोलले नाही: हातात दाबला तर तो चावेल, दुखेलही, पण माणसाच्या जिवाला त्याच्यापासून धोका नाही. म्हणून उघड्या हाताने धरायचा नाही. वर काचेचा ग्लास, खाली जाड पुठ्ठा सरकवायचा आणि बाहेर सोडायचा. धुळीने भरलेली जळमटं खुशाल झाडा. ती बहुतेक रिकामीच असतात. फवारणी मात्र तिने थांबवली.

सहाव्या भेटीनंतर आम्ही थांबलो. ऑगस्टमध्ये एका रात्री तिचा मेसेज आला: "आलाय. पोटाखाली पांढरी टिकली धरलीय." ती मादी होती, अंड्यांची पिशवी घेऊन फिरणारी. मी तसं कळवलं आणि विचारलं, नवऱ्याला उठवतेस का?

वीस मिनिटांनी उत्तर आलं: "नाही उठवलं. लेक उठली होती, तिने पुठ्ठा धरला. कुंडीमागे सोडलाय. हात अजून थरथरताहेत."