घशातून गायचंय? मग आधी जोर सोड

पहिल्याच दिवशी जीव तोडून ओरडून बघितलंस ना? बहुतेक जण तेच करतात. मीही केलं होतं, तीन दिवस आवाज बसला होता.

खरखर मूळ स्वरतंतू घासून काढायची नसते. रशियातल्या तुवा प्रदेशाच्या कार्गिरा या कंठगायनाच्या खर्जातल्या शैलीत स्वरतंतूंच्या वरचे आभासी स्वरतंतूही थरथरतात, पण दर दोन कंपनांमागे एकदा. म्हणून सूर एक सप्तक खाली ऐकू येतो. मेटल संगीतातल्या 'फॉल्स कॉर्ड' (म्हणजे आभासी स्वरतंतूंच्या) गुरगुरीतही हेच पडदे वापरतात. त्याला ताकद नाही, ताबा लागतो. आवाज मोठा करायला माइक आहे.

सध्या एवढंच कर:

- आधी पाच मिनिटं नुसतं गुणगुण. खांदे, जबडा सैल.
- खरखरीचा सराव दिवसाला पाच-दहा मिनिटं, बोलण्याच्या आवाजात.
- टोचलं, जळजळलं, खोकला आला की थांब. 'थोडं दुखणारच' हे इथे चालत नाही.
- आवाज बसला तर गप्प राहा. कुजबुजण्यानेही ताण पडू शकतो.

पाणी दिवसभर पी. गाण्याआधी ढोसून उपयोग नाही. घोट स्वरतंतूंवर पोहोचतच नाही, पोहोचला तर ठसका लागेल! घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखव.

सिगित या तुवाच्याच शैलीतली शिट्टी, मेटलमधल्या किंकाळ्या वगैरे नंतर बघू. तोवर एकाच सुरात 'ऊ'वरून 'ई'वर अगदी सावकाश सरक आणि वर उमटणारे बारीक स्वर ऐकू येतात का ते बघ.