रंग बघून भाव ठरवू नका
तुम्ही विचारलेला जुना ट्रॅक्टर जॉन डिअर ११० आहे, म्हणजे बागेतलं गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर. मागचे मडगार्ड गोलाकार असतील तर १९६३ ते १९६७ मधला, चौकोनी असतील तर नंतरचा. इंजिनावरच्या कोहलर (इंजिन बनवणारी कंपनी) च्या पट्टीवरून साल काढू नका, इंजिनं सर्रास बदललेली असतात. ट्रॅक्टरचाच सिरियल नंबर शोधा. प्लेट गंजली असेल तर रॉकेलच्या फडक्याने हळू पुसा. तारेचा ब्रश नको, अंक कायमचे जातील.

रंगाबाबत मात्र फार जपा. १९६९ मध्ये आलेल्या ‘पॅटिओ’ मालिकेत पांढऱ्या बॉडीवर लाल, पिवळं, निळं किंवा नारिंगी बॉनेट आणि त्याच रंगाची सीट असे. खरा दुर्मिळ माल तो. पण सीटखाली ब्लेडच्या टोकाने जरा खरवडा. पांढऱ्याखालून जॉन डिअरचा नेहमीचा हिरवा निघाला, तर तो मागाहून रंगवलाय.