मंगळाची त्रिज्या दहापट का आली?

वस्तुमान आणि सरासरी घनता घेऊन मंगळाची त्रिज्या काढली तर ती ३३,९०० किलोमीटर येते, पुस्तकात मात्र ३,३९० आहे. मग सूत्र चुकले की पुस्तक, असे तुम्ही विचारले आहे. दोन्ही बरोबर आहेत. चूक एककांत आहे, आणि उत्तर नेमके दहापट आले यावरूनच ती ओळखता येते.

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, आणि ग्रह गोल मानला तर त्याचे आकारमान चार-तृतीयांश पाय गुणिले त्रिज्येचा घन. यावरून:

त्रिज्या = घनमूळ [ ३ × वस्तुमान ÷ (४ × पाय × घनता) ]

तुम्ही वस्तुमान किलोग्रॅममध्ये घेतले, पण घनता ३.९३३ अशी ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्येच ठेवली. किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये ती ३,९३३ होते. ही हजारपटीची चूक घनमुळातून बाहेर पडताना दहापटीचीच उरते, म्हणून ती सहज नजरेतून सुटते. मी दादरला अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते, तेव्हा त्यांना इमारतीच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणायला सांगते. त्या टाकीतले पाणी बरोबर एक घनमीटर, म्हणजे हजार किलोग्रॅम असते. तीच टाकी मंगळाच्या द्रव्याने भरली तर त्या द्रव्याचे वस्तुमान जवळजवळ चार टन भरेल. तुमच्या आकड्यानुसार ते चार किलोसुद्धा भरत नाही, आणि इतका हलका तर थर्माकोलही नसतो.

आता गणित पुन्हा करू. वस्तुमान ६.४१७ × १० चा २३ वा घात किलोग्रॅम. त्याला ३,९३३ ने भागल्यावर आकारमान १.६३२ × १० चा २० वा घात घनमीटर येते. त्याला ३ ने गुणून १२.५६६ ने, म्हणजे चार पायने, भागल्यास ३.८९५ × १० चा १९ वा घात मिळतो. घनमूळ काढण्यापूर्वी घातांकाला ३ ने भाग जाईल असे करून घ्यावे, म्हणजे ३८.९५ × १० चा १८ वा घात. याचे घनमूळ ३.३९ × १० चा ६ वा घात मीटर, अर्थात ३,३९० किलोमीटर. कॅल्क्युलेटरवर छेद कंसात घालायला विसरू नका, नाहीतर पाय आणि घनता यांनी भागाकाराऐवजी गुणाकार होईल.

प्रत्यक्षात मंगळ ध्रुवांकडे किंचित चपटा आहे. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ३,३९६ आणि ध्रुवीय सुमारे ३,३७६ किलोमीटर आहे. त्यामुळे उत्तर लिहिताना ‘सरासरी त्रिज्या’ असेच लिहावे.